फवारणीचे कपडे आणि धुण्याच्या पाण्याचे उष्णमान

धुण्याचा विषय शेतकीच्या मासिकात कशास, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. बियाणे, खते, मशागत, बाजारभाव यांविषयी लिहावे; धुणे हे बायामाणसांचे काम, त्यात कास्तकाराने लक्ष घालण्याजोगे काय आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली म्हणजे शेतातील विष कपड्यांवाटे घरात येते, आणि ते कपडे ज्या रीतीने धुतले जातात तीवर घरातील माणसांचे आरोग्य बऱ्याच अंशी अवलंबून राहते. सबब हा विषय शेतकीचाच होय, आणि फवारणीचा हंगाम लागण्यापूर्वी त्याचा विचार व्हावा असे आम्हांस वाटते.

सन २०१७ चे स्मरण

सन २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेकडो लोकांस यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात व इतरत्र उपचार घ्यावे लागले. त्या साली पऱ्हाटी पुष्कळ ठिकाणी माणसाच्या छातीपर्यंत, कोठे डोक्यापर्यंत वाढली होती. गुलाबी बोंडअळी बीटी वाणास जुमानीनाशी झाली होती. त्यामुळे दोनदोन, तीनतीन औषधे एकत्र कालवून वरचेवर फवारे मारले गेले. उंच झाडांवर मारलेला फवारा तोंडावर, मानेवर व अंगावर परत येई. दिवसभर अंगातील सदरा व विजार त्याने भिजलेली राही. सरकारने या प्रकरणी विशेष चौकशी पथक नेमले, आणि काही औषधांच्या विक्रीस तात्पुरती बंदीही झाली.

त्या वेळी मुखपट्टी, हातमोजे, चष्मा यांची चर्चा पुष्कळ झाली, व ती योग्यच होती. परंतु फवाऱ्याने भिजलेला कपडा संध्याकाळी कोठे जातो, कोण धुतो, कशाने धुतो, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली. विष केवळ श्वासावाटेच शरीरात जाते असे नाही. ते कातडीवाटेही जाते. त्यातही काख, जांघ, मान व डोक्याची कातडी ही ठिकाणे हाताच्या कातडीपेक्षा पुष्कळ अधिक विष शोषून घेतात. ज्या विजारीत कालचे विष शिल्लक आहे ती आज पुन्हा नेसली व अंगास घाम आला म्हणजे ते विष ओले होऊन कातडीस लागते. म्हणजे फवारणी नसलेल्या दिवशीही फवारणी चालूच राहते. आपण या द्रव्यांस ‘औषध’ म्हणतो. शब्द जिभेवर बसला आहे, तो काढता येणार नाही. परंतु कपडे धुण्याच्या वेळी तरी ते विष आहे हे विसरू नये.

उष्णतेने काय होते

पाणी ऊन केल्याने कपडा अधिक स्वच्छ का होतो, याची कारणे तीन आहेत. पहिले असे की, तेलकट पदार्थ उष्णतेने पातळ होतात. साजूक तूप थंडीत थिजते आणि चुलीजवळ ठेवले म्हणजे वितळते, हे सर्वांस ठाऊक आहे. कपड्याच्या धाग्यात बसलेल्या तेलाचीही तीच गोष्ट आहे. ते पातळ झाल्यावाचून साबण त्यास सहज उचलीत नाही. दुसरे असे की, साबण व धुण्याचे चूर्ण ऊन पाण्यात लवकर व पुरते विरघळते. तिसरे असे की, सोड्यासारख्या खारट द्रव्यांची क्रिया उष्णतेने जलद होते. उष्णमान दहा अंशांनी वाढले म्हणजे अशी क्रिया साधारणतः दुप्पट वेगाने चालते, असा रसायनशास्त्राचा एक ढोबळ नियम आहे.

आमच्या जुन्या लोकांस हे शास्त्राच्या भाषेत सांगता आले नसेल, तथापि अनुभवाने ते पूर्ण ठाऊक होते. वऱ्हाडातील वरठी लोक मळकट सुती कपडे खारात किंवा सोड्यात भिजवून भट्टीवर चढवीत आणि रात्रभर त्यांस वाफ देत. ऊन, खार आणि वेळ या तिहींचा मेळ त्यात होता. ज्या गाडगेबाबांनी खराटा हाती घेऊन गावेच्या गावे झाडली, त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळातच झाला होता. स्वच्छतेची विद्या आपल्या प्रांतास परकी नाही. मात्र आता मळाचे स्वरूप पालटले आहे आणि त्याप्रमाणे रीतही पालटली पाहिजे.

फवारणीच्या कपड्यांविषयी अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात १९८० च्या दशकात पद्धतशीर प्रयोग झाले. मिथिल पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक कापडास लावून ते निरनिराळ्या उष्णमानाच्या पाण्यात धुऊन पाहण्यात आले. त्यातून ज्या गोष्टी निघाल्या त्या आपणांस थेट उपयोगी आहेत. थंड किंवा कोमट पाण्यापेक्षा सुमारे ६० अंश सेंटिग्रेड उष्णमानाच्या पाण्यात विष अधिक निघते. विषाच्या कपड्याबरोबर धुतलेल्या स्वच्छ कपड्यात विष उतरते. आणि ज्या कपड्यावर पाणी न मिसळलेले मूळ औषध सांडले आहे, तो अनेक वेळा धुऊनही निर्विष होत नाही.

कोणते औषध, कसले पाणी

सर्वच औषधे सारखी निघत नाहीत. डब्याच्या वेष्टनावर औषधाच्या नावापुढे काही अक्षरे असतात, ती वाचण्याची सवय ठेवावी. ‘एस.एल.’ असे असेल तर ते पाण्यात विरघळणारे द्रव औषध होय. ते साध्या पाण्याच्या पहिल्या खळबळण्यातच बरेचसे निघते. ‘डब्ल्यू.पी.’ म्हणजे पाण्यात कालवावयाची भुकटी. तिचे कण कपड्यावर वरवर बसतात आणि भरपूर पाण्याने सुटतात. ‘ई.सी.’ म्हणजे तेलासारख्या द्रावकात विरघळविलेले औषध. पाण्यात टाकताच जे दुधासारखे पांढरे होते ते बहुधा हेच. हे धाग्यात शिरते आणि थंड पाण्यास दाद देत नाही. यास कढत पाणी व भरपूर साबणचूर्ण पाहिजेच. मिश्रण मारले असेल अथवा नक्की माहिती नसेल, तर ते ‘ई.सी.’ आहे असे धरूनच चालावे.

त्याच वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो. कीटकनाशकांविषयीच्या १९७१ च्या नियमांप्रमाणे लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा मध्यम आणि हिरवा त्याहून सौम्य, असा क्रम आहे. लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचे मूळ औषध कपड्यावर सांडून तो भिजला असेल, तर तो धुण्याच्या भरीस न पडता टाकून द्यावा. टाकण्यापूर्वी फाडून ठेवावा, म्हणजे कोणी उचलून नेसणार नाही. चामड्याची चप्पल व कमरेचा पट्टा औषधाने भिजला असेल तर त्यांसही हाच नियम. चामड्यातून विष धुऊन निघत नाही. एका विजारीची किंमत मोठी की माणसाची, हा हिशेब कठीण नाही.

उष्णमापक नसताना ६० अंश कसे ओळखावे

आपल्या घरी उष्णमापक नसतो, आणि हाताने ६० अंश अजमावता येत नाहीत; त्या पाण्यात हात घातला तर काही सेकंदांत भाजतो. परंतु मापाने हे काम सोपे आहे. खळखळ उकळलेले पाणी सुमारे १०० अंशांचे असते, आणि आपल्याकडील विहिरीचे पाणी साधारण २६ अंशांचे धरावे. त्यावरून हिशेब येणेप्रमाणे :

एक भाग उकळते व एक भाग विहिरीचे पाणी मिळून सुमारे ६३ अंश होतात.
एक भाग उकळते व दोन भाग विहिरीचे मिळून सुमारे ५१ अंश होतात.
एक भाग उकळते व तीन भाग विहिरीचे मिळून सुमारे ४४ अंश होतात.

बादलीत ओतताना व कपडे बुडविताना काही उष्णता जातेच. म्हणून फवारणीच्या कपड्यांकरिता निम्मे उकळते व निम्मे साधे हे माप धरले म्हणजे चुकत नाही. थंडीच्या दिवसांत रांजणातले पाणी फार गार असते, तेव्हा उकळत्या पाण्याचा भाग थोडा वाढवावा. खर्च म्हणाल तर पंधरा लिटर पाणी २६ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास विजेचे अर्ध्या युनिटाहून थोडे अधिक लागते. चुलीवर केल्यास पऱ्हाट्या घरच्याच असतात.

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड आहे. त्यात साबण फाटतो, फेस येत नाही आणि कपड्यावर चिकट पांढुरका थर बसतो. अशा पाण्यात साबणाच्या वडीपेक्षा धुण्याचे चूर्ण बरे. पाण्यात आधी एकदोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवून घेतला तर पाणी हलके होते. शिवाय सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके खारट व ऊन पाण्यात लवकर विघटित होतात, म्हणून सोड्याचा दुहेरी उपयोग आहे. ब्लीचिंग पावडर मात्र घालू नये. तिचा आम्लाशी किंवा नवसागराशी संबंध आल्यास विषारी वायू सुटतो.

धुण्याची रीत

१. फवारणीचे कपडे त्याच दिवशी धुवावेत. ते जितके वाळतील व शिळे होतील तितके विष धाग्यात पक्के बसते.

२. ते घरातील इतर धुण्यात, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांत व अंथरुणात, कदापि मिसळू नयेत. त्यांची बादली, घमेले व दांडके निराळे ठेवावे आणि त्यांवर खूण करावी. ती बादली पुढे पाणी पिण्यास अथवा गुरांच्या आंबोणास वापरू नये.

३. धुणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. खिसे व दुमडलेल्या बाह्या उलगडाव्यात. भुकटी तेथेच साठते.

४. प्रथम साध्या थंड पाण्याने कपडे दोन वेळा चांगले खळबळून ते पाणी टाकून द्यावे. या पहिल्या पाण्याचा आळस करू नये; सुटे विष त्यातच जाते.

५. मग वर सांगितल्या मापाचे ६० अंशांचे पाणी करून, नेहमीपेक्षा अधिक चूर्ण घालून, त्यात कपडे बुडवावेत. दांडक्याने वरखाली करीत पंधरावीस मिनिटे ठेवावे. पाणी दुसऱ्या भांड्यात उकळून बादलीत ओतावे. विषाचे कपडेच चुलीवर उकळत ठेवू नयेत, कारण ती वाफ नाकातोंडात जाते. मूल जवळ येऊ देऊ नये.

६. पाणी हातास सोसेल इतके निवल्यावर कपडे चोळून पिळावेत, आणि हीच क्रिया नवे ऊन पाणी घेऊन पुन्हा एकदा करावी. औषध ‘ई.सी.’ असेल तर ही दुसरी धुलाई टाळू नये. शेवटी स्वच्छ पाण्यातून दोनदा काढावे.

७. कपडे घराबाहेर भर उन्हात वाळवावेत. काही कीटकनाशकांचे सूर्यप्रकाशानेही विघटन होते.

८. धुतलेले पाणी विहीर, हातपंप, नाला व गुरांचा पाणवठा यांपासून दूर, जेथे पीक व भाजीपाला नाही अशा जागी ओतावे. नाल्यावर नेऊन हे कपडे धुण्याची चाल सर्वथा सोडावी. त्याने मासळी मरते आणि खालच्या गावचे पाणी बाधते.

ज्यांच्या घरी धुलाईयंत्र आहे त्यांनी हे कपडे हाताने एकदा खळबळून, थोडेथोडे, भरपूर पाण्यात, ६० अंशांच्या खुणेवर निराळे धुवावेत. आणि नंतर यंत्र रिकामेच चूर्ण व ऊन पाणी घालून एकदा चालवावे, म्हणजे पुढच्या धुण्यास बाधा होणार नाही.

येथे एक जुनी युक्ती सांगण्याजोगी आहे. सुती सदऱ्यास व विजारीस खळ दिलेली असेल तर फवाऱ्याचे पुष्कळसे थेंब धाग्याऐवजी खळीत अडकतात, आणि ऊन पाण्यात खळ सुटताना तिच्याबरोबर निघून जातात. प्रत्येक धुलाईनंतर तांदळाची खळ देण्यास फारसा खर्च नाही. मात्र खळ म्हणजे चिलखत नव्हे. तिने वरच्या पोषाखाची व हातमोज्यांची जागा भरून निघत नाही.

जेथे कढत पाणी नको

एवढ्यावरून सर्वच कपडे कढत पाण्यात टाकावेत असा अर्थ कोणी घेऊ नये. रक्ताचा, दुधाचा किंवा अंड्याचा डाग थंड पाण्यातच काढावा. कढत पाण्याने अंडे जसे घट्ट होते तसे रक्तातील द्रव्य थिजून डाग कायमचा बसतो. लोकर व रेशीम यांस हाताला जेमतेम कोमट लागेल असे, सुमारे ३० अंशांचे पाणी पुरे. ऊन पाण्याने घोंगडी आटते व रेशमाचे तेज जाते. कच्च्या रंगाचे लुगडे थंड पाण्यातच निराळे धुवावे. रंगाची परीक्षा पदराचा कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून करावी. नित्याच्या घामाच्या व धुळीच्या कपड्यांस साधे किंवा ४० अंशांचे पाणी पुष्कळ झाले; तेथे सरपण व वीज जाळण्यात अर्थ नाही. डाग जिरविणारी पाचक द्रव्ये घातलेली चूर्णे बाजारात मिळतात, तीही ६० अंशांच्या वर निरुपयोगी होतात; त्यांस कोमट पाणीच मानवते. याउलट घरात खरूज आली असता अंथरूण-पांघरूण व अंगातील कपडे ५० अंशांहून अधिक उष्ण पाण्यात किमान दहा मिनिटे राहिले पाहिजेत, तेव्हाच खरजेचे किडे मरतात.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, जो नियम कपड्यास तो अंगास नव्हे. फवारणी करून आलेल्या माणसाने कढत पाण्याने स्नान करू नये. ऊन पाण्याने कातडीतील रक्ताचा प्रवाह वाढतो आणि कातडीवरील विष आत ओढले जाते. त्याने आधी कपडे उतरावेत, मग साध्या किंवा कोमट पाण्याने साबण लावून केस, नखे, काखा व जांघा स्वच्छ धुवाव्यात. दिवसभराच्या शिणानंतर बंबातील कढत पाण्याचा मोह होतो खरा. त्या दिवसांपुरता तो आवरावा. डोळ्यांपुढे अंधारी, बुबुळाची बाहुली बारीक होणे, तोंडास लाळ, अतिशय घाम, ओकारी, धाप यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता माणसास तत्काळ रुग्णालयात न्यावे, आणि औषधाचा डबा किंवा त्याचे वेष्टन बरोबर न्यावे. भिजलेले कपडे वाटेवर अंगात राहू देऊ नयेत.

मजुराच्या कपड्याचा प्रश्न

येथवर जे लिहिले ते बहुतेक वाचकांस आपल्या घरी करता येईल. परंतु आपल्यापैकी किती जण स्वतः पंप पाठीस लावतात? पुष्कळांची फवारणी सालदार किंवा रोजाचा मजूर करितो. सन २०१७ मध्ये बाधा झालेल्यांत असे मजूर पुष्कळ होते. त्याच्याजवळ कपड्यांचे जोड दोन, फार तर तीन. तो भिजलेल्या कपड्यांनीच घरी जातो, त्याच कपड्यांनी लेकरू उचलून घेतो, आणि त्याची बायको आपल्या हातांनी, गार पाण्यात, साबणाच्या तुकड्याने ते कपडे इतर धुण्याबरोबर धुते. वेळ नसला तर तसेच वाळत घालते. तिच्या झोपडीत पंधरा लिटर पाणी उकळण्यापुरते सरपण दररोज असेलच असे नाही. तेव्हा ६० अंशांचा उपदेश तिला करून आपण मोकळे होणे हे न्यायाचे नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक कास्तकाराने फवारणीकरिता पूर्ण बाह्यांच्या सुती कपड्यांचे दोन जोड शेतावर किंवा गोठ्यात ठेवावेत. फवारणी करणाऱ्याने ते सकाळी घालावेत, काम संपताच तेथेच उतरून, अंग धुऊन, स्वतःच्या कोरड्या कपड्यांनी घरी जावे. उतरलेले कपडे मालकाच्या खर्चाने, मालकाच्या सरपणाने, वरील रीतीने शेतावरच धुतले जावेत. धुणाऱ्यास मोजे द्यावेत आणि त्या कामाची मजुरी निराळी धरावी. यास लागते काय, तर दोन बादल्या, एक पातेले, चूर्ण, सोडा आणि काही पऱ्हाट्या. एका फवारणीच्या औषधास जो खर्च येतो त्याच्याशी हा ताडून पाहावा, म्हणजे तो किती अल्प आहे हे प्रत्येकास आपल्याच वहीवरून कळेल.

कीड किती पडेल व पाऊस केव्हा येईल हे आपल्या हातचे नाही. फवारणी कमी करणे काही अंशी आपल्या हातचे आहे, आणि त्याविषयी या मासिकात वेळोवेळी लिहिले जाते. परंतु फवारणी झालीच तर त्या रात्री घरात विष न्यावयाचे की शेतावरच धुऊन टाकावयाचे, हे पूर्णपणे आपल्या हातचे आहे. येत्या हंगामात पंपाची दुरुस्ती करावयास निघाल तेव्हा त्याबरोबर बादल्या व मोजे यांचीही तजवीज करावी, एवढीच आमची आमच्या कास्तकार बंधूंस विनंती आहे.